एकची गाडी दोनवर: खान्देशातल्या एका छोट्या स्टेशनवरच्या फलाट सुरक्षेचं प्रकरण

पार्श्वभूमी

खान्देशात मुंबईसारखी लोकल नाही, पण अपडाऊन करणारं पब्लिक तितकंच घड्याळावर चालतं. सकाळची शटल पकडायची (आता मेमू, म्हणजे वेगळं इंजिन नसलेली विजेवरची गाडी झाली तरी आमच्याकडे शटलच म्हणतात), जिल्ह्याच्या गावाला एमआयडीसीत, दाल मिलमध्ये, कॉलेजला, कोर्टात, दवाखान्यात जायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. एसटीच्या मानाने रेल्वेचा पास फार स्वस्त पडतो, म्हणून रोजंदारीवाला माणूस गाडीच धरतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पॅसेंजर बंद झाल्या, नंतर सुरू झाल्या त्या एक्स्प्रेसच्या भाड्याने, कमीत कमी तिकीट १० चं ३० झालं आणि ते परत १० वर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. भाडं उतरल्यावर गर्दी परत आली पण मधल्या काळात बऱ्याच गाड्यांचे डबे, लांबी, थांबायची जागा सगळं बदललं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

ज्या स्टेशनबद्दल लिहितोय ते खरं आहे, नाव मुद्दाम देत नाही. भुसावळ-चाळीसगाव बाजूला काय आणि जळगाव-नंदुरबार बाजूला काय, अशी स्टेशनं बरीच आहेत. माणसं ओळखू येतील असे बारकावे काढून टाकलेत.

आता मांडणी समजून घ्या, कारण सगळं प्रकरण मांडणीतच आहे. स्टेशनची इमारत, तिकीट खिडकी, रिक्षा स्टॉप, चहाची टपरी आणि एक मोठा कडुनिंब हे सगळं एक नंबर फलाटाच्या एका टोकाला. एक नंबरला लागून लूप लाइन, म्हणजे गाडी बाजूला घेऊन थांबवायची लाइन. तिच्या पलीकडे मेन लाइन आणि मेन लाइनला लागून दोन नंबरचा फलाट, तो बेटासारखा मधोमध आहे, त्याच्या दुसऱ्या कडेला उलट दिशेची मेन लाइन आणि तिच्यापलीकडे वस्ती. म्हणजे गाव रुळांच्या दोन्ही बाजूंना. पादचारी पूल आहे, नाही असं नाही, पण तो पार दुसऱ्या टोकाला, जुन्या मालधक्क्याजवळ, कारण तो बांधला तेव्हा गावात जायचा रस्ता तिकडून होता. नंतर रस्ता इकडे आला, खिडकी इकडे आली, पूल तिकडेच राहिला.

एक नंबर फलाट उंच करून झालेला आहे, रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर हे रेल्वेचं उंच फलाटाचं माप, त्यात बसतो. दोन नंबर जुना, मध्यम उंचीचा, ४५५ मिलिमीटरचा. मुंबईत लोकलसाठी फलाट ९०० च्या वर नेलेत, ते पण जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला एका कॉलेजच्या मुलीचे हात गाडी आणि फलाटाच्या फटीत गेल्यानंतर आणि हायकोर्टाने लावून धरल्यानंतर. आमच्याकडच्या दोन नंबरवर म्हातारं माणूस गाडीत चढतं म्हणजे अक्षरशः दांडी धरून स्वतःला वर ओढून घेतं.

अडचण नेमकी काय होती

बाहेरून बघणारा एकच सांगायचा की लोक बेशिस्त आहेत, पूल असून रूळ ओलांडतात. आम्हाला रोजच्या पासवाल्यांना ते पटत नव्हतं पण उलटून उत्तर देता येत नव्हतं, म्हणून काही दिवस सकाळी वहीत लिहून काढलं की शटल कोणत्या फलाटावर आली, अनाउन्समेंट कधी झाली, लोक कुठे उभे होते आणि कोण कुठून पळालं. आमच्यात एक रिटायर्ड गार्ड आहेत, आप्पा म्हणतात त्यांना सगळे, त्यांनी ती वही बघितली आणि दोन मिनिटांत सगळा प्रकार उलगडून सांगितला.

शटलच्या मागून एखादी एक्स्प्रेस येत असेल तर तिला वाट द्यायला शटल लूपला घेतात, म्हणजे एक नंबरवर. मागे काही नसेल तर शटल सरळ मेन लाइनने दोन नंबरवर. आणि लूपमध्ये मालगाडी उभी असेल तर मागे काही असो नसो, शटल दोनवरच. हे ठरतं सेक्शन कंट्रोलच्या (त्या पट्ट्यातल्या सगळ्या गाड्यांचं नियोजन करणाऱ्या ऑफिसच्या) हिशोबाने, स्टेशन मास्तरच्या मर्जीने नाही. प्रवाशाला मात्र कळायचं तेव्हा गाडी होम सिग्नलच्या (स्टेशनात शिरायच्या सिग्नलच्या) आत आलेली असायची.

यातली सगळ्यात भयानक गोष्ट आप्पांनी दाखवली तोपर्यंत आमच्या डोक्यातच आली नव्हती. लोक दोनवर उभे आहेत आणि गाडी एकवर आली, तर सगळे दोनवरून खाली उतरून मेन लाइन ओलांडून एककडे पळतात. पण शटल एकला का घेतली? मागून एक्स्प्रेस आहे म्हणून! म्हणजे ज्या सकाळी लोक मेन लाइन ओलांडतात नेमकी त्याच सकाळी त्याच मेन लाइनवरून काही मिनिटांत एक्स्प्रेस थ्रू, म्हणजे न थांबता जाणार असते. शिवाय पलीकडच्या वस्तीतले लोक संध्याकाळी एकवर आलेल्या गाडीतून उलट्या बाजूने उतरतात, थेट मेन लाइनवर, हातात डबा, पिशवी, कडेवर पोरगं.

ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ३० मीटर कापते. तीनशे मीटरवर दिसली, म्हणजे दहा सेकंद. खडीवरून, चपलेत, ओझं घेऊन एक लाइन ओलांडून फलाटाच्या कडेवर चढायला एवढा वेळ सहज जातो आणि समोरून येणाऱ्या गाडीचा वेग माणसाच्या डोळ्याला कळत नाही, ती लांब आहे असंच वाटत राहतं.

दुसरी गोष्ट सावलीची. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला सहज जातो, सकाळी आठलाच ऊन चटके देतं. दोन नंबरवर शेड म्हणजे मधोमध एक छोटा पत्रा. मग अख्खं पब्लिक कडुनिंबाखाली नाहीतर तिकीट खिडकीच्या व्हरांड्यात. जुनी पॅसेंजर लांब होती, तिचा एखादा डबा कडुनिंबासमोर यायचाच. मेमूचे डबे कमी, ती फलाटाच्या मधे थांबते, थांबा एक-दोन मिनिटांचा आणि उचल पण जुन्या इंजिनवाल्या गाडीपेक्षा जोरात. म्हणजे गाडी बरोबर फलाटावर आली तरी लोकांना फलाटभर पळावं लागतं आणि चालू गाडीत चढणं रोजचंच होऊन बसतं.

तिसरी, लूपमध्ये मालगाडी उभी असली की एककडून दोनकडे जायला मधे भिंतच. मग लोक मालगाडीच्या दोन डब्यांच्या मधून, कपलिंगवरून नाहीतर चक्क खालून. मालगाडीला सिग्नल कधी मिळेल हे खालून जाणाऱ्याला कसं कळणार?

आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) एका साहेबांनी जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या बाईला विचारलं होतं की पुलावरून का येत नाही माय, तर ती आमच्या अहिराणी बोलीत म्हणाली, “पुलवरथीन जावामा गाडी निंघी जास भाऊ, आनी गाडी गई ते हजेरी गई.” याच्यापुढे साहेब काय बोलणार, त्यांनी त्या दिवशी पावती फाडली नाही.

घटना

मे महिन्यातली सकाळ. भाजीची टोपली घेऊन रोज बाजारला जाणाऱ्या एक आक्का, साठीच्या पुढच्या, कडुनिंबाखाली बसलेल्या. रोजच्या अंदाजाने शटल एकवर येणार होती. लूपला मालगाडी नव्हती आणि मागची एक्स्प्रेस लेट होती म्हणून गाडी मेन लाइनने दोनवर घेतली आणि अनाउन्समेंट झाली ती गाडी दिसल्यावर. सगळे पळाले. आक्का फलाटाच्या उतारावरून दोनवर चढल्या, टोपली कोणीतरी आत घेतली, त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि गाडी हलली. दोन नंबर कमी उंचीचा असल्यामुळे दुसरा पाय उचलून पायरीवर येईना. त्या फटीत घसरल्या. दोन पोरांनी काखेत धरून ठेवलं, एकाने साखळी ओढली, गाडी थांबली. जीव वाचला. पायाचं हाड मोडलं आणि बोटं काढावी लागली.

पुढचा गोंधळ पण सांगायला पाहिजे. १०८ ची गाडी आली एक नंबरच्या बाजूला, पेशंट दोनवर, पूल लांब, म्हणून त्यांना चादरीत घालून रूळ ओलांडूनच आणलं. म्हणजे फलाटावर पडलेल्या माणसाला न्यायलाही रूळ ओलांडण्याशिवाय मार्ग नव्हता.

पहिला निर्णय: कागदावर काय लिहायचं

इथे एक गोष्ट घडली जी अशा प्रत्येक प्रकरणात निर्णायक असते पण लोकांना माहीतच नसते. पहिल्या कागदावर लिहिलं गेलं “रूळ ओलांडताना जखमी”. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही, लोक रूळ ओलांडून आले हे खरंच होतं, पण आक्का रुळावर जखमी झाल्या नव्हत्या, गाडीत चढताना पडल्या होत्या.

रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२४ अ प्रमाणे प्रवासी गाडीतून पडला तर रेल्वेची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळते, आणि चढता-उतरताना पडणं पण त्यातच येतं, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या रीना देवी प्रकरणात साफ केलंय. त्याच निकालात हे पण आहे की तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, प्रवासी असल्याचं शपथपत्र आणि आजूबाजूची हकीकत बघावी लागते. मृत्यूला १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख आणि जखमेला जखमेप्रमाणे तक्त्यातली रक्कम. उलट रूळ ओलांडताना गाडीने उडवलं तर तो कायद्याने अतिक्रमण करणारा ठरतो, कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि भरपाईचा रस्ता जवळजवळ बंद.

म्हणजे तीन शब्दांवर त्या बाईचं पुढचं सगळं अवलंबून होतं. तिकीट टोपलीत होतं आणि टोपली गाडीबरोबर पुढे गेली. ज्या पोरांनी धरलं होतं त्यांना त्याच दिवशी लोहमार्ग पोलिसांकडे नेऊन जबाब नोंदवून घेतले, गाडीतल्या एका पासवाल्याने पुढच्या स्टेशनवर टोपली उतरवून घेतली, त्यात तिकीट सापडलं, त्याचा पंचनामा झाला. दुरुस्ती झाली. दावा एका वर्षाच्या आत लावायचा असतो, तो आत लागला. निकाल अजून बाकी आहे.

हे सगळं त्याच दिवशी झालं म्हणून झालं. आठ दिवसांनी ती पोरं कुठे सापडली असती?

कोणते पर्याय समोर होते

घटनेनंतर गावात बैठक झाली, ग्रामपंचायत, पासवाले, स्टेशन मास्तर, आरपीएफचे साहेब, आप्पा, शाळेतले दोन-तीन मास्तर लोक. पहिली मागणी अर्थातच नवीन पुलाची, खिडकीजवळ. ही मागणी बरोबरच आहे आणि अजूनही आहे. पण पूल म्हणजे मंजुरी, निधी, डिझाइन, मेन लाइनवर ब्लॉक (गाड्या थांबवून काम करायची वेळ), सगळं. मुंबईत एल्फिन्स्टन रोडला २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली तेव्हा लष्कराने चार-पाच महिन्यांत पूल उभा केला, पण तो अपवाद होता, ती गर्दी आणि तो धक्का वेगळा होता. एल्फिन्स्टनची आठवण बैठकीत मी दुसऱ्या कारणासाठी काढली. तिथे पाऊस आल्यामुळे लोक पुलावर थांबून राहिले आणि वर गर्दी तुंबली. आमच्याकडे पुलाच्या जिन्याखाली आणि पायऱ्यांवर लोक उन्हापासून वाचायला बसतात. म्हणजे नवीन पूल आणला आणि सावली दिली नाही तर जिनाच वेटिंग रूम होईल.

दुसरा पर्याय दोन लाइनच्या मधे जाळी लावायचा. ऐकायला सगळ्यात सोपा आणि बैठकीत टाळ्या यालाच मिळाल्या. आप्पांनी कडक विरोध केला. त्यांचं म्हणणं, जो माणूस उतरलाच आहे त्याला पळायला जागा पाहिजे, जाळी मधे असेल तर तो एका लाइनवर अडकतो आणि पोरं जाळीला एका जागी भोक पाडतात, मग सगळी गर्दी त्याच भोकातून. जाळी लावायची तर आधी दुसरा रस्ता द्या. मला हे त्या बैठकीतलं सगळ्यात मोलाचं बोलणं वाटतं, कारण त्या दिवशी जाळी मंजूर झाली असती तर सगळ्यांना वाटलं असतं की काम झालं.

तिसरा, दंड. कलम १४७ खाली रोज चार पावत्या. आरपीएफचे साहेब स्वतःच म्हणाले की माझ्याकडे दोन माणसं आणि हद्दीत एवढी स्टेशनं, मी रोज इथे उभा राहू शकत नाही, आणि ज्या बाईची दिवसाची मजुरी दंडात जाईल ती दुसऱ्या दिवशी पण पळणारच, फक्त मला बघून पळेल, गाडीकडे बघून नाही. चौथा, जनजागृती. मुंबईत यमराजाचा वेष घेऊन आरपीएफचे लोक रूळ ओलांडणाऱ्यांना बाजूला घेत होते, तसं करूया असं एका तरुण सदस्याने सुचवलं. करायला हरकत नव्हती, पण आमच्या लोकांना रूळ धोकादायक आहे हे माहीत नव्हतं असं नाही, त्यांना गाडी कुठे येणार हे माहीत नव्हतं.

आणि पाचवा पर्याय, जो सुरुवातीला कोणालाच पर्याय वाटला नाही: गाडी कोणत्या फलाटावर येणार ते लवकर सांगायचं आणि एकदा सांगितलं की बदलायचं नाही.

काय केलं आणि का

स्टेशन मास्तरांना आम्ही बैठकीनंतर परत भेटलो, शांतपणे. त्यांना विचारलं की साहेब तुम्हाला पक्कं कधी कळतं? ते म्हणाले, मागच्या स्टेशनने लाइन क्लिअर मागितली (म्हणजे गाडी सोडू का विचारलं) आणि मी दिली की गाडी माझ्याकडे येणार हे पक्कं, त्यावेळी ती माझ्यापासून आठ-दहा मिनिटांवर असते. कोणत्या लाइनवर घ्यायची ते तोपर्यंत कंट्रोलने बहुतेक वेळा सांगितलेलं असतं. पण रूट लावून सिग्नल देईपर्यंत ते बदलू शकतं, म्हणून मी सिग्नल दिल्याशिवाय बोलत नाही, कारण बोललो आणि बदललं तर लोक माझ्या अंगावर येतात.

बघा, माणूस चुकीचं काही करत नव्हता. चुकीची अनाउन्समेंट होऊ नये म्हणून तो शेवटपर्यंत थांबायचा आणि त्या थांबण्यामुळेच लोक रुळावर उतरायचे.

मग विभागीय कार्यालयाला पत्र दिलं. त्यात पुलाची मागणी वरच ठेवली, पण खाली वेगळ्या अर्जात, वेगळ्या तारखेने, चार छोट्या गोष्टी मागितल्या, ज्यांना निधीची फार गरज नव्हती. सकाळच्या शटलसाठी लाइन क्लिअर दिल्याबरोबर फलाट ठरवून रूट लावावा आणि त्याच क्षणी अनाउन्समेंट करावी. नंतर खरोखर अडचण आल्याशिवाय बदलू नये, आणि बदललंच तर सगळे चढेपर्यंत शटल सोडू नये. मेमू थांबायची पाटी दोन नंबरवर फलाटाच्या मधून खिडकीच्या बाजूला सरकवावी. आणि शटलच्या वेळेला लूपमध्ये मालगाडी शक्यतो उभी करू नये.

वेगळा अर्ज का? कारण एकाच अर्जात पूल आणि पाटी लिहिली की अख्खा अर्ज पुलाच्या फाइलला लागतो आणि पाटी पण तिथेच अडकते. ही युक्ती आप्पांची.

सावलीचं काम मात्र आम्ही रेल्वेवर सोडलं नाही. परवानगी घेऊन गावातल्या व्यापाऱ्यांकडून दोन नंबरवर उन्हाळ्यापुरती हिरव्या नेटची शेड उभी केली, केळीच्या रोपवाटिकेत लावतात तीच. परवानगीत सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण वर विजेची ओव्हरहेड तार आहे, तिच्यात २५ हजार व्होल्ट असतात, नेट सुटून तारेवर गेलं तर भलतंच व्हायचं. म्हणून फलाटाच्या मधल्या भागातच, कमी उंचीवर, जीआय पाइपला घट्ट बांधून, कडेपासून लांब.

मधल्या काळात २२ जानेवारी २०२५ आला. पाचोऱ्याजवळ परधाडे इथे पुष्पक एक्स्प्रेसमधले लोक आग लागल्याच्या अफवेने खाली उतरले आणि शेजारच्या लाइनवरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले, किमान १२ जणांचा जीव गेला. त्याची कारणं वेगळी, आमच्या प्रकरणाशी त्याचा थेट संबंध नाही आणि मेलेल्या माणसांच्या नावाने आपलं काम पुढे रेटणं मला बरं वाटत नाही. पण शेजारची लाइन रिकामी दिसली तरी रिकामी नसते हे त्यानंतर गावातल्या पोराटोरांना वेगळं सांगावं लागलं नाही, आणि उलट्या बाजूने उतरणाऱ्याला डब्यातलेच लोक हाताला धरून थांबवायला लागले.

काय झालं

लवकर अनाउन्समेंट सुरू झाली आणि सकाळची पळापळ डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली. पूर्ण थांबली नाही. पण आठ-दहा मिनिटं हातात असली की बायका, म्हातारे, ओझंवाले पुलाने जायला लागले, हे आम्हाला पण अपेक्षित नव्हतं. पूल तोच, पायऱ्या त्याच, लांबी तीच. तरुण पोरं अजून रुळावरून जातात, पण गाडी यायच्या बऱ्याच आधी जातात, तेही बरोबर नाहीच, तरी गाडीसमोरून पळण्यापेक्षा फरक आहे. थांबायची पाटी सरकली, त्यामुळे फलाटावरचं धावणं आणि चालू गाडीत चढणं दोन्ही घटलं. नेटखाली लोक दोनवरच बसायला लागले.

जे झालं नाही ते पण सांगतो. मालगाडीचं आश्वासन कोणी दिलं नाही आणि देऊ शकणारही नाही, कंट्रोलला अख्खा सेक्शन चालवायचा असतो. संध्याकाळ जशीच्या तशी आहे. संध्याकाळी लोक उतरणारे असतात, त्यांना अनाउन्समेंटचा उपयोग नाही, अंधार असतो, घरी जायची घाई असते आणि पुलावरचे दिवे अर्धे बंद. वस्तीतल्या माणसाला पुलाने जायचं तर भलामोठा फेरा पडतो. नंतर वेळापत्रक बदललं, मागच्या एक्स्प्रेसची वेळ सरकली आणि काही आठवडे परत गोंधळ झाला. तोपर्यंत मास्तरही बदलून गेले होते आणि नवीन साहेबांना आमचं ठरलेलं काहीच माहीत नव्हतं, कारण ते तोंडी ठरलं होतं. परत जाऊन बसावं लागलं. सुदैवाने तेही समजूतदार निघाले.

दोन नंबर उंच करायचं काम मंजूर झाल्याचं कळलंय, सुरू झालेलं नाही. अमृत भारत योजनेत धुळे आणि सावद्याची स्टेशनं नवी होऊन मे २०२५ मध्ये उद्घाटन पण झालं, ते बघून आमच्या लोकांना आशा वाटते. मी त्यांना एवढंच सांगतो की नवीन दर्शनी भाग मागू नका, दोन नंबरची उंची आणि पुलाचा वस्तीकडे उतरणारा जिना मागा.

आक्का आता काठी घेऊन चालतात. बाजार बंद झालाय, सून जाते, त्याच शटलने.

परत करायचं झालं तर वेगळं काय करता येईल

वही घटनेच्या आधीच लिहून झालेली होती आणि ती तशीच वरच्या कार्यालयात पोचवता आली असती. दुखापत होईपर्यंत कोणी ऐकत नाही असं सगळे म्हणतात, पण फलाट कधी जाहीर झाला आणि गाडी कधी आली एवढ्या दोन वेळांची नोंद असलेला कागद कोणत्याही अधिकाऱ्याला बाजूला ठेवायला अवघड जातो. दुसऱ्या गावांनी सुरुवात इथूनच करावी, लोक किती रूळ ओलांडतात ते मोजत बसू नका, त्यातून फक्त लोकांची बेशिस्त सिद्ध होते. लोकांना किती वेळ मिळाला ते मोजा.

अनाउन्समेंटचं ठरलेलं पहिल्याच दिवशी लेखी घ्यायला हवं, स्टेशनच्या नियमांच्या वहीत नसेल जात तर निदान विभागीय कार्यालयाच्या पत्रात. माणूस चांगला आहे म्हणून चाललेली गोष्ट त्याच्या बदलीबरोबर जाते.

बैठकीला पलीकडच्या वस्तीतलं कोणी नव्हतं. बैठक होती दुपारी, ते लोक कामावर. त्यामुळे सगळी चर्चा सकाळच्या चढणाऱ्यांची झाली आणि संध्याकाळच्या उतरणाऱ्यांचा विषय शेवटी पाच मिनिटांत उरकला. आज जो अर्धा प्रश्न शिल्लक आहे तो नेमका त्यांचाच आहे. अशी बैठक रात्री जेवणानंतर, वस्तीतच घ्यायला हवी.

आणि फलाटावर स्ट्रेचर कुठे आहे, १०८ ला कोणत्या बाजूला बोलवायचं, रेल्वेच्या १३९ या मदत नंबरला फोन कोण करणार, जखमीबरोबर कोण जाणार आणि जबाब द्यायला कोण थांबणार, हे पासवाल्यांच्या ग्रुपमध्ये आधीच वाटून ठेवलेलं पाहिजे. आता आम्ही ठेवलंय.

सध्या संध्याकाळसाठी दोन मागण्या लावून धरल्यात. शटलला एकवर घेतलं की मागची एक्स्प्रेस थ्रू जाणार असल्याची सूचना मराठीत आणि शक्य झालं तर अहिराणीत गाडी थांबायच्या आधीच सुरू व्हावी, आणि पुलावरचे सगळे दिवे लागावेत. दिव्यांचं काम या महिन्यात होईल असं सांगितलंय. आम्ही रोज संध्याकाळी बंद दिव्यांचे नंबर लिहून रेल मददवर (रेल्वेच्या तक्रारीच्या अ‍ॅपवर) टाकतोय, पोलवर नंबर रंगवलेले असतात, तोच टाकायचा, नुसतं “पुलावर अंधार आहे” लिहिलं की तक्रार बंद करून टाकतात.